आयफेल टॉवरले खर्च किती आला? वाचनालयाच्या ओसरीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वाचनालय एस.टी.च्या थांब्याला लागून आहे. थांब्यावर सावली नाही, म्हणून गाडीची वाट पाहणारे सगळे आमच्या ओसरीत येऊन बसतात. ओसरीच्या भिंतीवर मी जगातल्या स्मारकांची चौदा चित्रं लावलीत, बहुतेक जुन्या कॅलेंडरांतून कापलेली. वाटलं होतं, पोट्टे पाहतील. पाहतात म्हातारी माणसं, आणि पाहून गप्प बसत नाहीत. यवतमाळची गाडी वेळेवर आली असती तर हे लिहायची पाळी आली नसती. तेच प्रश्न रोज येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत. उत्तरं मात्र शाळेतल्या मराठीत. हातात पेन आलं की तीच येते, काय करता.

हे चित्रं कायले लावले? आपला अन् त्याईचा काय संबंध?

खरं सांगायचं तर भिंतीला ओल येते, ती झाकायला लावले. संबंध मलाही माहीत नव्हता. तुमच्या प्रश्नांमुळे शोधावा लागला, आणि निघाला. खाली येतोच आहे.

स्मारक म्हंजे पुतळाच ना?

नाही. ज्याच्याकडे पाहून मागचं काही आठवावं ते स्मारक. मारुतीच्या देवळामागे घोडेस्वार कोरलेला एखादा दगड असतो ना, शेंदूर फासून आपण ज्याचा देव केला? तो बहुतेक वीरगळ असतो, कोण्या लढाईत पडलेल्या माणसाची आठवण. गडचिरोलीकडे माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावाने उभा दगड रोवतात. त्यावर अक्षर नसतं, पण दगड कोणाचा ते घरच्यांना ठाऊक असतं.

आणि बांधकाम पाहिजेच असंही नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप २००१ साली खुला झाला. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली पंचेचाळीस वर्षं लोक पांढरे कपडे घालून, भाकरी बांधून येतच होते. ते घुमट पाहायला येत नव्हते, त्या जागेवर उभं राहायला येत होते.

आयफेल टॉवरले खर्च किती आला अन् देला कोनं?

ओसरीतला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. गावात समाजमंदिर होवो की नाली, पहिला प्रश्न हाच असतो, आणि मला आता वाटतं की कोणतंही स्मारक समजून घ्यायला याच्याहून चांगला प्रश्न नाही. फार तर त्याला एक जोड द्यावी: माती-दगड वाहिले कोणी?

तर हिशेब असा. खर्च सुमारे ७८ लाख फ्रँक. त्यातले सरकारने दिले १५ लाख. बाकीचे गुस्ताव आयफेलने आपल्या जबाबदारीवर उभे केले आणि बदल्यात वीस वर्षं तिकिटांचं उत्पन्न घेण्याचा करार केला. रस्ता बांधायचा आणि टोल वसूल करायचा, तोच प्रकार. मूळ कल्पना मात्र त्याची नव्हती. त्याच्या कंपनीतल्या मॉरिस केक्लँ आणि एमील नूगिए या दोन इंजिनियरांनी ती काढली, सोव्हेस्त्र नावाच्या वास्तुकाराने तिला रूप दिलं. नाव मालकाचं लागलं. यात नवल वाटणारा माणूस आमच्या ओसरीत अजून भेटला नाही.

१८,०३८ लोखंडी तुकडे, २५ लाख रिव्हेट, आणि दोन वर्षं-दोन महिन्यांत उभा. निमित्त होतं १८८९ चं पॅरिसचं प्रदर्शन, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीची शंभर वर्षं. गंमत पहा, राजाला खाली ओढल्याच्या आठवणीत जे बांधलं त्यावर ना राजा आहे ना देव, ना लढाईचं नाव. पहिल्या मजल्याखाली चहूबाजूंनी ७२ नावं आहेत ती शास्त्रज्ञांची आणि इंजिनियरांची. आता आमच्याकडे हिशेबाची वही आणि ओळंबा हेच देव, असं सांगणारं ते स्मारक होतं. लोकांना ते पटलं नाही. १८८७ मध्ये पॅरिसच्या नामांकित लेखक-कलावंतांनी पेपरात पत्र छापून या ‘निरुपयोगी आणि राक्षसी’ मनोऱ्याचा निषेध केला.

एकदा दुसरीतल्या एका पोट्ट्याने चित्र पाहून विचारलं, “हा मोबाईलचा टॉवर हाये काय?” सगळे हसले. मी नाही हसलो, कारण पोट्टा अर्धा बरोबर होता. करार वीस वर्षांचा होता, मुदत संपली की टॉवर उतरवता आला असता. आयफेलने वर बिनतारी तारायंत्राचे प्रयोग होऊ दिले, सैन्याला त्याचा उपयोग दिसला, आणि टॉवर वाचला. आजही त्यावर रेडिओ-टीव्हीचे अँटेना आहेत. ते धरून उंची ३३० मीटर.

उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावून तो काही सेंटिमीटर वाढतो. आमच्या मे महिन्यात उभा केला असता तर किती वाढला असता, हा उपप्रश्न चंद्रपूरच्या एका पाहुण्यांचा आहे. त्याचं उत्तर प्रलंबित.

हे बाई हिरवी काऊन झाली?

न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता. ती तांब्याची आहे, म्हणून. घरातलं तांब्याचं गंगाळ चिंचेने घासलं नाही तर आधी काळं पडतं, मग त्यावर हिरवट थर चढतो. या बाईला १८८६ पासून कोणी चिंच लावली नाही. तिचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा आहे, आणि तो हिरवा थरच त्याला आतून खंगू देत नाही. आतला लोखंडी सांगाडा पुन्हा त्याच आयफेलच्या कारखान्यातला. मूर्तिकार बार्थोल्डी. २१४ पेट्यांत सुटी करून ती बोटीने अमेरिकेला नेली.

खर्चाचं विचाराल तर पुतळा फ्रान्सच्या लोकांनी वर्गणीतून दिला आणि चौथरा अमेरिकेने बांधायचा, असं ठरलं होतं. चौथऱ्याचे पैसे जमेनात. पैसेवाले हात आखडते घेत होते. तेव्हा जोसेफ पुलित्झर नावाच्या पेपरवाल्याने जाहीर केलं की जो कोणी देईल, एक पैसाही का देईना, त्याचं नाव छापीन. १८८५ मध्ये पाच महिन्यांत १ लाख डॉलरच्या वर जमले. देणारे सव्वा लाखाच्या आसपास, आणि बहुतेकांची वर्गणी एका डॉलरपेक्षा कमी. गणपतीच्या मांडवाला पावती फाडतो तशी. नाव छापून येणार म्हटल्यावर माणसाचा हात खिशात जातो, हे न्यूयॉर्कलाही लागू आहे.

आता आपला संबंध. तिच्या पायाशी तुटलेली बेडी आहे. खालून दिसत नाही, म्हणून फोटोत येत नाही. ही मूर्ती सुचवणारा एदुआर लाबुले गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, आणि १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपली त्याची ती खूण आहे. ज्या माणसांच्या पायांत बेड्या होत्या त्यातली लाखो माणसं काय करत होती? कापूस वेचत होती. त्यांच्या सुटकेवरून तिथे यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५, तेव्हा अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि गिरण्यांनी आपल्याकडे मोर्चा वळवला. वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. युद्ध संपलं, भाव उतरला. कापसाचा भाव दूर कोण्या देशात ठरतो हे आपल्या पंज्याच्या पंज्यालाही ठाऊक होतं, ते असं.

हे सांगितलं त्या दिवशी वेचणीहून परत आलेल्या चार बाया ओसरीत बसल्या होत्या. त्यातली एक उठून चित्राजवळ गेली आणि बेडी शोधू लागली. चित्रात नाही, मावशी, म्हटलं. “मंग दुसरं चित्र आना,” म्हणे.

ताजमहाल बांधनाऱ्याइचे हात तोडले व्हते, खरं हाये काय?

नाही. त्या काळच्या कोणत्याही नोंदीत असं काही नाही. उलट ज्या उस्ताद अहमद लाहोरीचं नाव ताजशी जोडलं जातं तोच पुढे दिल्लीचा लाल किल्ला बांधायला होता, ज्याचं काम १६३९ मध्ये सुरू झालं. हात तोडलेला राजमिस्त्री दुसरं काम कसं घेईल? शहाजहान स्वतःसाठी काळा ताजमहाल बांधणार होता ही गोष्टही तशीच, ऐकायला छान.

खरी गोष्ट मला जास्त लागते, कारण ती आपल्या शेजारची आहे. मुमताज आग्र्यात गेली नाही, ती बुऱ्हाणपूरला गेली. मेळघाटातल्या धारणीचे लोक जिथे बाजाराला जातात त्या बुऱ्हाणपूरला. जून १६३१, चौदावं बाळंतपण. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि ती त्याच्या सोबत छावणीत. तापीच्या पलीकडे एका बागेत तिला आधी पुरलं, काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. त्याच सुमाराला, १६३० ते १६३२, गुजरात-खानदेश-दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. एकाच उन्हाळ्यात एकाच मुलखात मेलेल्यांपैकी एकीची कबर जगाला माहीत आहे.

ओसरीतल्या बाया मात्र दुष्काळाजवळ थांबत नाहीत, ‘चौदावं’ या शब्दाजवळ थांबतात. एका आजीने विचारलं होतं, “बाप्पा, राजाची रानी ना ते? दाई नव्हती काय?” प्रेमाचं प्रतीक वगैरे जे कॅलेंडरवर छापलं होतं ते त्या दिवसापासून मला नीट वाचवत नाही.

देखभालीचा खर्च? त्यासाठी आग्र्याच्या आसपासच्या तीस गावांचा महसूल लावून दिला होता. त्या गावांत कधी ताजमहालाचं कौतुक झालं असेल का, कोणास ठाऊक.

पिरॅमिड मानसायनं बांधले का दुसऱ्या गिरहावरून कोनी आलं व्हतं?

माणसांनीच. आणि त्याचं मस्टर सापडलं आहे.

हसू नका. रोहयोच्या कामावर मुकादम जसं मस्टर ठेवतो तशी मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे, २०१३ मध्ये फ्रेंच संशोधक पिएर ताले यांना मिळाली. पपायरसवर लिहिलेली, साडेचार हजार वर्षं जुनी. आमची टोळी अमुक दिवशी तुरा इथल्या खाणीवर, अमुक दिवशी चुनखडीचे दगड नावेत भरले, अमुक दिवशी गिझाकडे निघालो. गिझाच्या खूफू राजाच्या पिरॅमिडला बाहेरून जो पांढरा दगड लावला होता, त्याची ही वाहतूक. किती धान्य आलं, त्याचाही हिशेब आहे.

तो पिरॅमिड मूळचा १४६ मीटरचा, २३ लाखांच्या आसपास दगडांचा. बांधणारे गुलाम होते असं आपण ऐकतो, पण कामगारांच्या कबरी पिरॅमिडच्या बाजूलाच सापडल्या आहेत, मानाने पुरलेल्या. त्यांच्या वस्तीत रोटीच्या भट्ट्या होत्या. हाडं मोडून पुन्हा जुळलेली होती, म्हणजे दवापाणीही व्हायचं. याचा अर्थ सगळे हौसेने आले होते असा नाही. राजाचा हुकूम आला की पाळीपाळीने जावं लागायचं. आपल्याकडे त्याला वेठ म्हणत. पोटभर जेवण असलेली वेठ.

एलियनवाल्यांवर माझा राग आहे तो याच्यासाठी. एवढ्या घामाचं श्रेय कोणा उडत्या तबकडीला द्यायचं, आणि मेरेरने टिपून ठेवलेला हिशेब वाचायचाही नाही?

चीनची भित चंद्रावरून दिसते म्हंते?

दिसत नाही. लांबी प्रचंड आहे, वेगवेगळ्या काळांतले सगळे तुकडे धरून २१,१९६ किलोमीटर मोजली गेली. पण रुंदी काही मीटरच. आपला समृद्धी महामार्ग तिच्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. भिंत चंद्रावरून दिसली तर समृद्धीही दिसेल. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये जाऊन आला आणि त्याने स्वतः सांगितलं की मला नाही दिसली, तेही चंद्राच्या मानाने अगदी जवळून. ती अखंड एक भिंतही नाही. कुठे विटा, कुठे दगड, कुठे नुसती ठोकलेली माती. मिंग राजांच्या काळात चुन्यात चिकट भाताची पेज घालून विटा सांधल्या, हे भंडारा-गोंदियाच्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांना फार आवडतं.

हा मनोरा वाकडा हाये तं पडत काऊन नाही?

पिसाचा. विचारणारे गावातले मिस्त्रीमामा, म्हणून जरा सविस्तर.

मामा, काळ्या जमिनीत घर बांधताना तुम्ही काय सांगता? मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर पावसाळ्यात माती फुगेल, उन्हाळ्यात भेगाळेल आणि भिंत तडकेल. पिसाच्या मिस्त्र्याला हे कोणी सांगितलं नाही. ११७३ मध्ये काम सुरू झालं, पाया जेमतेम तीन मीटर, आणि खाली मऊ चिकण-गाळाची माती. तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि मनोरा कलायला लागला. मग लढाया लागल्या आणि काम शंभरेक वर्षं बंद पडलं. तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. अखंड बांधत राहिले असते तर तेव्हाच पडला असता. काम रखडल्यामुळे वाचलेली ही जगातली एकमेव इमारत असावी. आपल्याकडच्या रखडलेल्या कामांना याचा दाखला कृपया देऊ नये.

पुढच्यांनी चूक झाकायला वरचे मजले एका बाजूने उंच बांधले, म्हणून तो नुसता कललेला नाही, किंचित केळासारखा वाकलेलाही आहे. १९९० मध्ये कल साडेपाच अंशांवर गेला आणि तो लोकांसाठी बंद केला. उपाय तुमच्यासारख्याच्या डोक्यातून आल्यासारखा: झुकलेल्या बाजूला टेकू द्यायचा नाही, उलट बाजूच्या पायाखालची माती तिरप्या गिरमिटाने थोडी थोडी काढायची. मनोरा आपल्याच वजनाने मागे बसला. कल चार अंशांच्या आसपास आला आणि डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा उघडला.

पूर्ण सरळ का केला नाही? मग पाहायला कोण गेलं असतं, मामा.

हे गोल मांडेल दगड तं आपल्याइकडंबी हायेत!

हायेत. आणि हे वाक्य ज्यांनी म्हटलं त्या आबाजींना मी त्या दिवशी चहा पाजला.

चित्र इंग्लंडच्या स्टोनहेंजचं आहे. मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभे केले, काही छोटे दगड दोनशे किलोमीटरहून दूर वेल्समधून आणले. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य त्या रचनेच्या ओळीत उगवतो, सगळ्यात लहान दिवशी उलट बाजूला मावळतो. तिथे माणसांच्या अस्थीही पुरलेल्या सापडल्या.

नागपूरजवळ काटोल रस्त्याला जुनापाणी आहे. तिथे शेकडो शिळावर्तुळं आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, सगळीकडे तेच: मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले, आत भर, आणि खाली पुरलेली माणसं, त्यांची लोखंडी हत्यारं, मडकी. माहुरझरीला तर माणसासोबत घोडा पुरलेला मिळाला, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेला. पोळ्याला बैल सजवतो, तसा. ही वर्तुळं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे स्टोनहेंजहून बरीच अलीकडची आणि उंचीने कमी. पण त्या लोकांनी इथे लोखंड वितळवलं, शेती केली, आणि गेलेल्या माणसासाठी दगड गोल मांडले.

त्यातले कित्येक गोटे नांगराला आड येतात म्हणून उचलून धुऱ्यावर टाकले गेले. आबाजी म्हणाले, आमच्या बापानेही टाकले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

कंबोडियात आपलं देऊळ कसं गेलं?

गेलं नाही, तिथल्याच लोकांनी बांधलं. अंकोरवट, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध, राजा सूर्यवर्मन दुसरा. विष्णूचं देऊळ, पुढे बौद्धांचं झालं आणि आजही आहे. समुद्रमंथनाचा पट भिंतीवर अख्खा कोरलेला. कंबोडियाच्या झेंड्यावर त्याचं चित्र आहे. ‘आपलं’ म्हणायला हरकत नाही, पण त्यांच्यासमोर जरा जपून.

सात आश्चर्य कोन ठरवते?

जुनी यादी ग्रीक प्रवाशांची. त्यातलं खूफूचं पिरॅमिड तेवढं उभं आहे. नवी यादी २००७ मध्ये एका खाजगी संस्थेने इंटरनेट आणि फोनवरून मतं मागवून केली. युनेस्कोचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे निवडणूकच. स्पर्धा परीक्षावाल्या पोरांनी यादी पाठ करावी, बाकीच्यांनी मनावर घेऊ नये.

हे पडेल घर कायले ठेवलं? पाडून टाका ना.

हिरोशिमाचं. हे चित्र कॅलेंडरातलं नाही, मी मुद्दाम छापून आणलं. घुमटाचा नुसता सांगाडा, फुटक्या भिंती, खिडक्यांची भोकं.

तुम्ही म्हणता तेच तिथल्या अनेकांनी म्हटलं होतं. १९१५ मध्ये यान लेट्झेल या चेक वास्तुकाराने बांधलेलं ते मालाच्या प्रदर्शनाचं घर होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब जवळजवळ डोक्यावरच फुटला. आतला एकही माणूस वाचला नाही, पण झटका थेट वरून आल्यामुळे काही भिंती उभ्या राहिल्या. ज्यांनी घरची माणसं गमावली होती त्यांना ते रोज नजरेला पडणं सोसवत नव्हतं. पाडा, म्हणाले. दुसरे म्हणाले, ठेवा. वीस वर्षं हा वाद चालला. बॉम्ब पडला तेव्हा एक वर्षाची असलेली एक मुलगी १९६० मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. हे घर तरी जगाला सांगत राहील, अशा अर्थाचं तिने वहीत लिहून ठेवलं होतं. त्यावरून मुलांनी सह्या गोळा केल्या, १९६६ मध्ये नगरपालिकेने ठराव केला आणि दुरुस्तीचे पैसे लोकवर्गणीतून आले.

दुरुस्ती म्हणजे काय तर पडकं आहे तेवढंच पडकं ठेवायचं. याहून अवघड डागडुजी मी ऐकली नाही.

डोंगरात चार तोंडं कोनाचे हायेत?

अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांची: वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट, लिंकन. १९२७ ते १९४१ मध्ये सुरुंग लावून कोरलेली, एकेक चेहरा अठरा मीटरचा. ठिकाण माउंट रशमोर.

पण डोंगर कोणाचा? लाकोटा आदिवासींचा. १८६८ च्या तहात सरकारने तो त्यांचा म्हणून लिहून दिला. सहा वर्षांनी तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये काढून घेतला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की जमीन बेकायदा घेतली, आणि व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक मोबदला द्या म्हणून सांगितलं. लाकोटांनी आजपर्यंत पैसा उचलला नाही. आम्हाला मोबदला नको, डोंगर द्या.

हे ऐकून गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून आलेले एक पाहुणे म्हणाले, “लय हिंमतीचे लोक.” पुढे काही बोलले नाहीत, गाडी आली.

इतल्या चित्रायत आपल्या इकडचं एकबी काऊन नाही?

तक्रार रास्त होती. पंधरावं चित्र लावलं: सेवाग्रामची बापू कुटी. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा पहिल्या घरासाठी, म्हणजे आदी निवासासाठी, त्यांची अट होती की खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान जवळपासचंच असावं. माती, बांबू, कवेलू. बापू कुटीही तशीच. आत भिंतीवर मीराबेनने मातीतून उठवलेली झाडं आहेत.

एका काकूंनी विचारलं, “हे तं आमच्यासारखंच घर हाये, याच्यात पाहाचं काय?” मी म्हटलं तेच पाहायचं. त्यांना पटलं नाही. त्यांचं घरकुल मंजूर झालंय, मातीच्या घराचं कौतुक त्यांनी का करावं? फरक एवढाच की दगडाचं स्मारक बांधून विसरता येतं. मातीचं दर साल लिंपावं लागतं.

आपल्या गावात स्मारक करायचं तं काय काय लागते?

ग्रामसभेचा ठराव आणि जागेचे कागद. पुतळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. ती न घेता रातोरात बसवलेल्या पुतळ्याची पुढे फार ओढाताण होते, आणि ज्याचा पुतळा त्याचीच बेअब्रू. जवळ केंद्र सरकारने संरक्षित केलेलं देऊळ किंवा किल्ला असेल तर शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी.

त्याआधी एक करा. जुनं काय आहे ते पहा. हेमाडपंती देवळाला जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट आणि टाइल्स लावू नका. चुन्याशिवाय एकात एक बसवलेले ते दगड आठशे वर्षं श्वास घेत उभे आहेत, पेंटने ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आणि बदामात बाण काढून स्वतःचं नाव कोरणाऱ्यांनो, ती मुलगी कधीच लग्न होऊन वर्ध्याला गेली.

दगड वाहनाऱ्या बायायचं नाव कोठी लिवलं हाये काय?

हा प्रश्न एका आजींनी एकदाच विचारला, पण वारंवार आठवतो म्हणून इथे घेतो.

थोडं सापडतं. पिरॅमिडच्या आत, जिथे कोणी पाहणार नाही अशा दगडांवर टोळ्यांनी आपली नावं रंगवून ठेवली. एका टोळीचं नाव ‘खूफूचे मित्र’ अशा अर्थाचं होतं. ताजच्या दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत. ब्राझीलमधल्या रिओच्या हात पसरलेल्या ख्रिस्ताला, १९३१ च्या, बाहेरून दगडाचे छोटे त्रिकोणी तुकडे चिकटवले आहेत. ते कापडावर मांडायचं काम बायांनी केलं आणि काही तुकड्यांच्या मागे आपल्या माणसांची नावं लिहिली. आयफेलवरच्या ७२ नावांत एकही बाई नाही. गणितातलं ज्यांचं काम अशा बांधकामांना उपयोगी पडलं त्या सोफी जर्मेनही नाहीत.

आजींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग दाराच्या वरच्या फळीकडे बोट केलं. वाचनालयाच्या वर्गणीदारांची फळी. एकतीस नावं, सगळी पुरुषांची, पुढे रक्कम. “स्लॅब पडला त्या दिवशी घमेले आमी सात जनीनं वाहले,” म्हणाल्या. “पानी दूरच्या हिरीवरून आनलं. तुमच्या बापाले विचारा.”

बापाला विचारलं. खरं आहे. सातपैकी दोघी आता नाहीत, एकीचं माहेरचं नाव कोणालाच आठवत नाही, म्हणून तिच्या मुलाला पुसदला फोन केला आहे. पेंटरने नावामागे चाळीस रुपये सांगितलेत. रकमेच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.